मध्ययुगीन इंग्रजीत ‘रीम’ म्हणजे यमक की छंद? आणि ‘माकन’, ‘एंडीटन’, ‘जेस्ट’ यांचं काय करायचं?

अर्धमात्रा (प्रश्न)

चॉसर (चौदाव्या शतकातला इंग्रज कवी) आणि त्याच्या मागच्यापुढच्या कवींसाठी मराठी टिपांसह एक छोटी शब्दसूची करतोय. सगळे शब्द नकोत. कवी स्वतःच्या कामाबद्दल, म्हणजे यमक जुळवणं, ओळ मापात बसवणं, रचना करणं याबद्दल बोलताना जे शब्द वापरतात तेवढेच. आजच्या इंग्रजीतला अर्थ लावला की हे शब्द हमखास फसवतात.

अडलेल्या जागा अशा:

‘रीम’ (ज्याला आज ‘राइम’ म्हणतात) याला सरसकट ‘यमक’ लावता येत नाही. ऑर्म या बाराव्या शतकातल्या धर्मोपदेशकाच्या पद्यग्रंथात यमक औषधालाही नाही, तरी ‘रीम’ भरून काढायला मी पदरचे शब्द घातले, असं तो सांगतो.

‘माकन’ आणि ‘एंडीटन’ या दोन्हींना ‘रचणे’ म्हटलं तर चालेल का? चॉसरच्या कँटरबरी टेल्समधल्या (यात्रेकरू वाटेत गोष्टी सांगतात, ते काव्य) स्क्वायरच्या, म्हणजे तरुण सरदारपुत्राच्या, वर्णनात दोन्ही एकाच ओळीत येतात: ‘ही कूड साँगेस माक अँड वेल एंडीट’. दोनदा ‘रचणे’ लिहिणं बरं दिसत नाही.

त्याच काव्यातला पार्सन (गावचा धर्मगुरू) म्हणतो, मी दक्षिणेकडचा माणूस, मला ‘रुम, राम, रुफ’ असं अक्षराने ‘जेस्ट’ करता येत नाही. तळटिपांत नुसतं ‘अनुप्रास’ लिहून मोकळे होतात. ‘जेस्ट’ हे क्रियापद कसं?

शेवटचं, कडव्यांची नावं. राइम रॉयल, टेल राइम, बॉब अँड व्हील यांतलं त्या काळातलं खरोखर कोणतं?

मूळ शब्द तेव्हाच्या उच्चाराच्या जवळ जाईल असे देवनागरीत लिहितोय. प्रतिसादांतही तसंच ठेवूया.

---

जुनं बाड

‘रीम’ आधी घेतो, कारण कोश उघडल्याबरोबर पहिली ठेच तिथेच लागते.

एकाच स्पेलिंगखाली निदान चार वेगळे शब्द आहेत. जुन्या इंग्रजीत ‘रीम’ म्हणजे संख्या, मोजदाद. ‘रीमक्राफ्ट’ म्हणजे अंकगणित आणि पंचांगाचा हिशोब, त्याचा कवितेशी संबंध नाही. ‘ह्रीम’ म्हणजे दंव गोठून बसलेला पांढरा थर. ‘रिमा’ म्हणजे कड. आणि बाराव्या शतकाच्या सुमारास फ्रेंचमधून आलेला कवितेतला ‘रीम’. पुढे ‘ह’ गळतो, शेवटचे स्वर झिजतात आणि हे सगळे लिहिताना जवळपास सारखे दिसू लागतात. मिशिगन विद्यापीठाचा मध्ययुगीन इंग्रजीचा कोश (छापील खंड १९५२ ते २००१, आता जालावर फुकट) त्यांना वेगवेगळ्या नोंदींत ठेवतो. म्हणून शोधाच्या यादीतली पहिली नोंद उचलू नका. मधल्या स्वरासाठी ‘आय’ आणि ‘वाय’ दोन्ही घालून पाहा, शेवटचा ‘ई’ असताना आणि नसताना पाहा. ‘आर’नंतर ‘एच’ असलेलं आजचं स्पेलिंग सोळाव्या-सतराव्या शतकातलं आहे. लॅटिन-ग्रीक ‘रिदम’शी नातं दाखवायच्या हौसेपायी ते आलं. तुमच्या प्रतीत चॉसरच्या तोंडी ते दिसलं, तर ते संपादकाचं समजा.

आता अर्थ. कवितेतल्या ‘रीम’चे तीन उपयोग वेगळे काढावे लागतात.

पहिला, छंद किंवा माप. ऑर्म हा त्याचा उत्तम दाखला. त्याची ओळ १५ अक्षरांची, ८ आणि ७ अशी तोडलेली, आणि शेवटचं अक्षर नेहमी बिनआघाताचं. यात तो इतका काटेकोर आहे की वाचणारा कंटाळतो. शुभवर्तमानातल्या शब्दांमध्ये मी माझे पुष्कळ शब्द घातले, ‘रीम’ भरण्यासाठी, असं तो सांगतो. पुढे नकलनवीसाला बजावतो की इथे आहे तसाच ‘रीम’ ठेव, आहेत तितकेच शब्द ठेव आणि जिथे मी एक अक्षर दोनदा लिहिलंय तिथे तूही दोनदाच लिही. या सगळ्यात यमकाचा मागमूस नाही. इथे ‘छंद’ लिहा, आणि ‘रीम भरणे’ला ‘पादपूरण’ हा आपल्याकडचा शब्द चपखल बसतो.

दुसरा, अंत्ययमक. आजचा अर्थ.

तिसरा, यमकात बांधलेली अख्खी रचना. लँगलंडच्या पिअर्स प्लाउमन या काव्यात आळस नावाचं पात्र कबुली देतं की मला ‘पाटर नोस्टर’ (प्रभूची प्रार्थना) नीट येत नाही, पण रॉबिन हुड आणि चेस्टरचा अर्ल रँडॉल्फ यांचे ‘रीम’ येतात. रॉबिन हुडवरच्या कवनांचा हाच सर्वांत जुना उल्लेख मानतात. इथे ‘यमकं’ लिहिलंत तर पात्राला यमकांची यादी पाठ होती असं होईल. ‘कवनं’ लिहा. कँटरबरी टेल्समध्ये चॉसर स्वतःही एक यात्रेकरू आहे. सर टोपास या सरदाराची गोष्ट सुरू करण्याआधी तोही म्हणतो की फार पूर्वी शिकलेला एक ‘रीम’ तेवढा मला येतो. तेही कवनच.

निवड करताना शेजार बघायचा. ‘भरणे’सारखं क्रियापद असेल तर छंद. ‘अमक्याचे’ अशी षष्ठी आणि अनेकवचन असेल तर कवन. समोर ‘प्रोज’ उभं असेल (मॅन ऑफ लॉ, म्हणजे यात्रेतला वकील म्हणतो, मी गद्यात बोलतो, रीम चॉसरला रचू दे) तर ‘पद्य’ पुरेसं. ‘यमक’ तेव्हाच, जेव्हा दोन शब्दांच्या जुळणीचाच प्रश्न आहे.

फ्रेंचमध्ये हा शब्द लॅटिन ‘रिथ्मुस’वरून आला की जर्मानिक ‘रीम’वरून, हा वाद जुना आहे. सूचीत ‘जुन्या फ्रेंचमधून’ एवढं लिहिलं की भागतं.

---

तिरकस यती

माकन आणि एंडीटन यांत फरक आहे. दोन्हींना एकच शब्द लावलात तर चॉसरची सगळी नम्रता (आणि तिच्यामागचा डाव) निसटते.

‘माकन’ म्हणजे करणं, घडवणं. कवितेच्या संदर्भात आपल्या बोलीत पद्य रचणं. करणारा तो ‘माकर’, काम ते ‘माकिंग’. हे कारागिराचं क्रियापद आहे. पक्षी सूर काढतात त्यालाही चॉसर हेच वापरतो. ‘पोएट’ आणि ‘पोएसीए’ हे मात्र वरच्या पाटावरचे शब्द. तो पेट्रार्कला ‘लॉरियट पोएट’ म्हणतो, दान्तेला इटलीचा थोर पोएट म्हणतो, स्वतःला कधीच नाही. ट्रॉइलस अँड क्रिसेडच्या शेवटी तो आपल्या पुस्तकाला सांगतो की दुसऱ्या कुठल्या ‘माकिंग’चा हेवा करू नकोस, सगळ्या ‘पोएसीए’पुढे नम्र राहा, आणि व्हर्जिल, ओव्हिड, होमर, ल्यूकन, स्टेशियस जिथून गेले तिथल्या पाऊलखुणांचं चुंबन घे. वरवर लीनता. पण पाच नावांपाठोपाठ आपलं पुस्तक रांगेत उभं करून घेतोच की.

याच जागी दोन सुंदर शब्द आहेत, ते सूचीत हवेतच: ‘मिसव्रीट’ आणि ‘मिसमेटर’. इंग्रजीत लिहिण्या-बोलण्याची इतकी विविधता आहे, म्हणून देव करो आणि, पुस्तका, तुला कुणी चुकीचं न लिहो आणि जिभेच्या दोषाने तुझा छंद न बिघडवो, असं मागणं तो पुस्तकासाठी मागतो. छंद बिघडतो तो बहुतेक शब्दाच्या शेवटच्या हलक्या ‘अ’मुळे. ‘अँड स्मालअ फूलेस माकन मेलोडीअ’ ही ओळ घ्या. ‘स्मालअ’मधला शेवटचा ‘अ’ अनेकवचनाचा आहे आणि तो मोजला तरच ओळीत दहा अक्षरं पडतात (ओळीच्या अखेरचा ‘अ’ हिशोबाबाहेर). उत्तरेकडच्या माणसाने किंवा पंधराव्या शतकातल्या नकलनवीसाने तो गाळला की नऊ उरतात आणि ओळ मधेच लंगडते. उलटही होतं. पुढे स्वर आला की तो ‘अ’ गिळायचा असतो. ‘ड्रोख्टअ ऑफ मार्च’मध्ये ‘ड्रोख्टऑफ’ असं सलग म्हणायचं. हे न कळलेला वाचक जास्तीचं अक्षर उच्चारतो. दोन्ही प्रकार ‘मिसमेटर’मध्ये येतात.

‘माकिंग’चा अर्थ नुसती क्रिया नव्हे, रचलेली कृतीही. आपला नकलनवीस अ‍ॅडम याला उद्देशून चॉसरची सात ओळींची कविता आहे. ‘बोएस’ (बोएथियसच्या ग्रंथाचं चॉसरने केलेलं भाषांतर) किंवा ‘ट्रॉइलस’ पुन्हा लिहायची वेळ आली आणि माझ्या माकिंगबरहुकूम लिहिलं नाहीस तर तुझ्या लांब केसांखाली खवडे पडोत, असा शाप त्यात आहे. खरवडून दुरुस्त करायचं काम रोज मलाच करावं लागतं, ही तक्रारही आहे. इथे ‘माझी रचना’ म्हणजे मूळ पाठ.

लँगलंडकडे हाच शब्द खाली उतरतो. तू ‘माकिंग्स’मध्ये लुडबुड करतोस, त्यापेक्षा स्तोत्रं म्हणत बसला असतास तर, असं कल्पनाशक्तीचं पात्र कवीला सुनावतं. तिथे ‘काव्यरचना’ असा भारदस्त शब्द घातला तर टोमणा मेला. ‘पद्यं जुळवणं’ हवं. स्कॉटलंडमध्ये मात्र ‘माकर’ मानाचा झाला. डनबर या स्कॉटिश कवीची गेलेल्या माकरांसाठीची विलापिका १५०८च्या सुमारास छापली गेली, त्यात चॉसरला माकरांमधलं फूल म्हटलंय. २००४ पासून स्कॉटलंडच्या राष्ट्रकवीचं पदनामही तेच आहे.

‘एंडीटन’ फ्रेंचमधून आलं, मुळात लॅटिनमधल्या ‘सांगून लिहवणे’ या घराण्यातलं. यात मजकुराची शब्दयोजना मुख्य, पद्य असलंच पाहिजे असं नाही. कँटरबरी टेल्समधला मंक (मठवासी) स्पष्ट म्हणतो की शोकांतिका गद्यातही एंडीट होतात आणि छंदातही, नाना तऱ्हांनी. पत्रही एंडीट होतं. कोर्टात आरोपपत्र ठेवणं, ज्याला आज ‘इंडाइट’ म्हणतात, तेही हेच क्रियापद. त्यातला न उच्चारला जाणारा ‘सी’ नंतरच्या पंडितांनी घुसडला.

तेव्हा स्क्वायरची ओळ: ‘गाणी रचायचा, आणि शब्दही नेटके बांधायचा.’ माझं मत, एंडीटनला ‘शब्दबद्ध करणे’ हा मूळ पर्याय ठेवा आणि माकनला ‘रचणे’.

---

अर्धमात्रा

दोघांचेही आभार. ‘शब्दबद्ध करणे’ थोडं सरकारी वाटतं, पण गद्य-पद्य दोन्हींना चालतं हे खरं. पार्सनचं कुणी बघेल का? आणि इंग्रजीत यमकांची ‘स्कार्सेटे’ आहे हे चॉसरचं रडगाणं खरं किती?

---

ठोका चुकला

पार्सनचं सांगतो. ‘राम’ वाचून दचकू नका, ते नुसते निरर्थक ध्वनी आहेत.

ओळीचे दोन भाग आहेत. ‘बी लेट्र’ म्हणजे अक्षराने, म्हणजे आघात असलेल्या शब्दांचा आरंभध्वनी जुळवून. ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ या चौदाव्या शतकातल्या काव्याचा कवी हेच अभिमानाने सांगतो: त्याची कथा ‘लेल लेटरेस लोकन’, इमानी अक्षरांनी जखडलेली आहे, आणि या देशात ही रीत जुनी आहे. त्याहून जुन्या बेओवुल्फ या जुन्या इंग्रजीतल्या महाकाव्यातही रचनाकाराला एक शब्द सापडतो तो दुसऱ्याशी ‘नीट बांधलेला’. म्हणजे ‘जखडणे, बांधणे’ हीच या पद्धतीची स्वतःची भाषा होती. ‘अलिटरेशन’ हा शब्द पंधराव्या शतकात इटलीत लॅटिनमध्ये घडवला गेला आणि इंग्रजीत सतराव्या शतकात आला. पार्सनला तो ठाऊक असण्याचं कारण नाही.

‘अनुप्रास’ लिहायला माझी हरकत आहे. आपल्याकडे अनुप्रास हा अलंकार, असला तर शोभा, नसला तर ओळ मोडत नाही. इथे तो सांगाडा आहे. ओळीत चार ठळक आघात, मधे यती. पहिले दोन आणि तिसरा जुळायचे, चौथा सहसा मोकळा. सर गवेनची पहिलीच ओळ पाहा: आघात ‘सेज’, ‘असाउट’, ‘सेसेड’ आणि ‘ट्रॉय’ यांवर. ‘असाउट’ अ-ने सुरू होतो, पण आघात ‘साउ’वर, म्हणून तो स-मध्ये जमा. डोळ्यांनी पहिलं अक्षर बघून मोजणारे इथेच चुकतात. दुसरी चूक म्हणजे बिनआघाताचे छोटे शब्द मोजणं. तिसरी, स्वरांबाबत. कुठलाही स्वर कुठल्याही स्वराशी जुळतो, आणि या कवीकडे ‘ह’सुद्धा त्या टोळीत खपून जातो. पाचव्या ओळीत ‘एनिआस’, ‘आथेल’ आणि ‘ह’ने सुरू होणारा ‘उच्च’ या अर्थाचा शब्द मिळून जुळणी पूर्ण होते.

पार्सनच्या ‘रुम, राम, रुफ’मध्ये तीनच ‘र’ आहेत. ओळीतल्या तीन जुळणाऱ्या ठोक्यांची ती नक्कल आहे, असं वाचणं मला सयुक्तिक वाटतं.

सूचीत ‘आघात-अनुप्रास’ किंवा सरळ ‘आद्यवर्णबंध’ लिहा आणि एका वाक्यात रचना समजावून सांगा.

आता ‘जेस्ट’. लॅटिन ‘गेस्टा’ म्हणजे पराक्रमाची कृत्यं, त्यावरून पराक्रमाची कथा. ती सांगणारा ‘जेस्टूर’. सर टोपास शस्त्रं चढवताना आपल्या मिन्स्ट्रलांना (गायक-वादकांना) आणि जेस्टूरांना बोलावतो. क्रियापद त्यावरूनच: जेस्ट सांगणे. पण टोपासची गोष्ट मध्येच तोडताना यात्रेकरूंचा यजमान असलेला सरायवाला म्हणतो, तुझं यमक पुरे, ‘जेस्ट’मध्ये काही सांग, नाहीतर गद्यात. म्हणजे तीन खाने दिसतात: यमक, जेस्ट आणि गद्य. यमकही नाही नि गद्यही नाही असं पद्य म्हणजे हीच आद्यवर्णांची रचना. पार्सनच्या तोंडी त्याच अर्थाचं क्रियापद आहे. तो म्हणतो, मला ते येत नाही आणि यमकही फारसं बरं येत नाही, आणि मग गद्यात एवढं लांबलचक प्रवचन देतो की दोन्ही न येण्याची शिक्षा ऐकणाऱ्यांना होते.

दक्षिण-उत्तर भेद मात्र ठोकळेबाज घेऊ नका. सर गवेनची बोली वायव्य मिडलंड्समधली आहे हे खरं, पण लँगलंडची आद्यवर्णी ओळ लंडनमध्येही वाचली जात होती.

---

जुनं बाड

‘आद्यवर्णबंध’ छान आहे. फक्त ‘वर्ण’ऐवजी ‘ध्वनी’ म्हटलं तर ‘असाउट’चा घोळ आपोआप टळेल.

स्कार्सेटेबद्दल. ही तक्रार चॉसरच्या ‘कम्प्लेंट ऑफ व्हीनस’ या कवितेच्या शेवटी येते. ओतों द ग्रांसों या फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या कवीच्या बॅलडांवरून (ठराविक साच्याच्या गीतांवरून) ही रचना केलेली आहे. तीन बॅलड, प्रत्येकात आठ ओळींची तीन कडवी, शेवटी दहा ओळींचा ‘एन्व्हॉय’ (निरोपाचं कडवं), एकूण ८२ ओळी. फ्रेंच बॅलडच्या नियमाने तिन्ही कडव्यांत यमकं तीच राहतात. कडव्याचा साचा अबअबबककब. म्हणजे एका बॅलडमध्ये ‘अ’च्या ६, ‘क’च्या ६ आणि ‘ब’च्या तब्बल १२ जागा भराव्या लागतात (शेवटची ओळ तिन्ही कडव्यांत तीच येते, म्हणून ‘ब’चे वेगळे शब्द १०). फ्रेंचमध्ये प्रत्ययांमुळे दहा शब्द चुटकीसरशी मिळतात. इंग्रजीत विभक्तीचे प्रत्यय झिजून शब्दांची शेवटं वेगवेगळी झालेली, तिथे दहावा शब्द शोधताना अर्थ ओढाताणीत जातो. म्हणून ग्रांसोंची ‘क्युरिओसिटे’, म्हणजे बारीक कलाकुसर, शब्दाला शब्द ठेवून उतरवणं हे प्रायश्चित्त आहे, असं तो म्हणतो.

आता तो एन्व्हॉयच भिंगाखाली धरा. दहा ओळी आणि यमकं फक्त दोन, ‘-ए’ आणि ‘-आउन्स’. यमकाचे शब्द क्रमाने: ग्रे, बेनिग्निटे, सुफिसाउन्स, मे, सुब्टिल्टे, रेमेम्ब्राउन्स, पेनाउन्स, स्कार्सेटे, क्युरिओसिटे, फ्राउन्स. दहापैकी नऊ शब्द फ्रेंचकडून आलेले. अस्सल इंग्रजी एकच: ‘मे’, म्हणजे ‘मला’. इंग्रजीत यमकं नाहीत हे गाऱ्हाणं तो फ्रेंचमधून उसनी आणलेली यमकं वापरून, साच्यात कुठेही न अडखळता घालतो. रडगाणं खरं आहे, पण रडणाऱ्याचा हात बघा.

याच दहा ओळींत ‘एंडीटिंग’, ‘रीम’ आणि ‘माक’ तिन्ही आहेत. म्हातारपणाने ‘एंडीटिंग’मधली बारकाई नेली, इंग्रजीत ‘रीम’ची टंचाई, आणि ग्रांसों हा फ्रान्समध्ये ‘माक’ करणाऱ्यांचं फूल. सूचीत उदाहरणासाठी याहून सोयीचा उतारा मिळणार नाही. ‘रीम’चा दुसरा अर्थ इथे निखळ आहे.

टंचाईवरचे तोडगे तीन. एक, आघात शेवटी असलेले फ्रेंच शब्द: ‘लिकूर–फ्लूर’, ‘कोराजेस–पिल्ग्रिमाजेस’. आजच्या आघाताने वाचलं की ही यमकं मरतात. दोन, उच्चार एकच पण अर्थ वेगळे असे शब्द जुळवणं. प्रस्तावनेत ‘सेकअ’ (शोधायला) आणि ‘सेकअ’ (आजारी) लागोपाठच्या ओळींच्या शेवटी आहेत. फ्रेंच रीतीत हा दोष नव्हे, श्रीमंती. तीन, भरताडाचे शब्द: ‘खरोखर’, ‘नक्कीच’, ‘मला वाटतं’, ‘सांगतो तुम्हाला’ अशा अर्थाची शेपटं. चॉसर गंभीर कवितेत ती बेताने वापरतो, टोपासमध्ये मुद्दाम ओतून देतो.

---

तिरकस यती

टोपासचं नाव निघालंच आहे तर कडव्यांची नावं तिथूनच घेऊ.

एक कडवं: राक्षस गोफणीने दगड मारतो आणि टोपास निसटतो. यमकाचे शब्द फास्ट, कास्ट, स्लिंग, टोपास, ग्रास, बेरिंग. साचा अअबककब. ‘अ’ आणि ‘क’च्या ओळी चार आघातांच्या, ‘ब’च्या तीन. ओवीत तीन चरण यमकात आणि चौथा मोकळा सुटतो. इथे सुटलेली आखूड ओळ पुढच्या आखूड ओळीशी जुळते, त्यामुळे कान तीन ओळी वाट बघत राहतो. आजचं नाव टेल राइम. त्या काळचं नाव ‘रीम कूवे’, शेपटीचं यमक. रॉबर्ट मॅनिंग या इतिवृत्तकाराने १३३८मध्ये पुऱ्या केलेल्या इतिवृत्तात ते आहे, आणि शेजारी ‘स्ट्रांजेर’, ‘एंटरलासे’ (गुंफलेलं) आणि ‘बास्टून’ही आहेत. असल्या अवघड घाटांत लिहिलं असतं तर साध्या लोकांना कळलं नसतं, म्हणून मी सोपं इंग्रजी घेतलं, असं तो सांगतो. कडव्याला तो ‘कॉपल’ म्हणतो: ‘सर ट्रिस्ट्रेम’ हे काव्य म्हणणारे प्रत्येक कॉपलमधलं काही ना काही गाळतातच, ही त्याची तक्रार.

वरच्या कडव्यातला ‘ग्रास’ बघितलात का? मूळ शब्द ‘ग्रासअ’, देवाची कृपा. ‘टोपास’शी जुळवायला चॉसरने त्याचा शेवटचा ‘अ’ तोडला. एरवी हा माणूस असं करत नाही. ओबडधोबड शाहिराची नक्कल चालली आहे याची ती खूण आहे. सरायवाला वैतागून याला ‘रीम डॉगरेल’ म्हणतो, आणि ‘डॉगरेल’ शब्दाची पहिली नोंद हीच. संपादकाने ‘ग्रासअ’ असं दुरुस्त केलं, तर विनोदच पुसला जातो.

कँटरबरी टेल्सच्या हेंगर्ट आणि एल्समिअर या हस्तलिखितांत टोपासची मांडणी वेगळी आहे. आखूड ओळी उजवीकडे सरकवलेल्या, यमकं रेघांनी जोडलेली. पानावर शेपटी अक्षरशः दिसते. छापील आवृत्त्यांत हे सहसा जातं.

‘फिट’ घ्यायला विसरू नका. जुन्या इंग्रजीपासूनचा शब्द, गाण्याचा किंवा कथेचा एका बैठकीत म्हणायचा भाग. टोपासमध्ये ‘हा एक फिट झाला, अजून हवं असेल तर सांगतो’ असं म्हटलंय. पहिल्या फिटमध्ये १८ कडवी, दुसऱ्यात ९, तिसरा साडेचारावर तुटतो. गोष्ट दर वेळी अर्धी होत जाते. ऐकणाऱ्यांनी दाद द्यावी तर सरायवाला शिव्या देतो.

बाकीचं थोडक्यात. ‘राइम रॉयल’ (अबअबबकक, सात ओळी) चॉसरने भरपूर वापरला, पण हे नाव त्याचं नाही. गॅस्कॉइन या कवीच्या १५७५च्या टिपणांत ते आहे, आणि तिथे कडव्याला ‘स्टाफ’ म्हटलंय. ‘स्टँझा’ सोळाव्या शतकाच्या अखेरचा. ‘बॉब अँड व्हील’ (कडव्याच्या शेवटी एक अगदी आखूड ओळ आणि मागोमाग छोट्या ओळींचा गट) हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांचं. ‘बॅलड’, ‘राउंडेल’, ‘व्हिरलाय’, ‘ले’, ‘कम्प्लेंट’, ‘एन्व्हॉय’ मात्र चॉसरच्या काळातले.

---

ठोका चुकला

दोन भर.

‘काडेंस’: चॉसरच्या हाउस ऑफ फेम या कवितेत गरुड त्याला म्हणतो की तू पुस्तकं, गाणी, ‘डिटे’ (पद्यं) रचतोस, ‘रीममध्ये किंवा काडेंसमध्ये’. हे नेमकं काय यावर एकमत नाही. लयबद्ध गद्य, निर्यमक पद्य, आद्यध्वनीची ओळ, सगळी मतं आहेत. भाषांतर न करता ‘काडेंस’ तसंच ठेवा आणि टिपेत पर्याय द्या. त्याच कवितेत पुढे ‘काही वेर्स एखाद्या सिलाबलने कमी पडले तरी’ असं येतं. तिथे ‘वेर्स’ म्हणजे ओळ. इतरत्र तोच शब्द कडवं किंवा बायबलमधलं वचन असतो, तेव्हा त्यालाही ‘रीम’सारखे वेगळे अर्थ लावावे लागतील.

‘बुर्डून’: पुढे याचा अर्थ ध्रुवपद झाला, आणि पंधराव्या शतकातल्या कॅरल या गाण्यांबद्दल बोलताना अभ्यासक तो त्या अर्थाने वापरतात. कँटरबरी टेल्सच्या प्रस्तावनेत पार्डनर (चर्चची माफीपत्रं विकणारा) मोठ्याने गातो, ‘इकडे ये, प्रिये, माझ्याकडे’. ती ओळ ‘टोमअ’वर संपते आणि आधीच्या ओळीतल्या ‘रोमअ’शी, म्हणजे रोम शहराशी जुळते. शेवटचा ‘अ’ उच्चारत होते याचा इतका पक्का पुरावा दुसरा क्वचितच मिळेल. लगेच पुढच्या ओळीत समनर (धर्मन्यायालयाचं समन्स बजावणारा) त्याला दणदणीत ‘बुर्डून’ देतो. तिथे ‘पालुपद’ लिहू नका. समनर खर्जात साथ करतोय.